न दबणारा शॉकअप

मी एक शॉकअप बोलतोय. शिकलेले लोक मला शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात, पण गॅरेजात एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला वेळ नसतो. एका पिकअप गाडीच्या मागच्या उजव्या चाकाजवळ माझी जागा होती. आज सकाळी मला तिथून काढलं. आता गोठ्याच्या भिंतीला टेकून पडलोय आणि अंगावरचा चिखल वाळतोय. मी जे सांगणार आहे ते या घरात फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि ती दोघं कधी बोलणार नाहीत.

आधी माझं काम सांगतो, कारण गाडीवाल्यांनाही ते नीट माहीत नसतं. गाडी घेतली की माणसं टेप वाजवून बघतात, समोर लिंबू-मिरची बांधतात, मागे काळी बाहुली लटकवतात. खाली वाकून माझ्याकडे कोणी बघत नाही. चाक खड्ड्यात गेलं की पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, लवतात आणि लवलेला पाटा लगेच उसळी मारतो. ती उसळी आवरायची, हे माझं काम. पोटात तेल आणि कोंडलेला गॅस, आणि त्यात आत-बाहेर होणारा एक पोलादी दांडा. धक्का मी पोटात जिरवतो म्हणून वर बसलेल्या माणसाच्या कमरेला तो कमी लागतो.

पण आमच्यातही जाती असतात. मी कडक जातीचा आणि लांब अंगाचा. ज्या गाड्यांना जादा पाटे टाकून उंच केलेलं असतं, ज्या रोज गिट्टी आणि दगड वाहतात, त्यांच्यासाठी मला घडवलं. कारखान्यात यंत्राने मला हजारदा दाबून बघितलं आणि पास केलं. खोक्यावर लाल अक्षरांत ‘हेवी ड्यूटी’ छापलं होतं. मला त्याचा अभिमान होता, तो लपवून काय करू?

तिथून मी आदिलाबादला केशवरावांच्या दुकानात आलो. मोटारीच्या सुट्या भागांचं हे दुकान, समोर बाक, बाकावर कायम दोन-चार रिकामटेकडे. माझा जुळा भाऊ आणि मी वरच्या फळीवर होतो. गिऱ्हाईक बल्ब घ्यायला यायचं, उगाच आम्हाला खाली काढायला लावायचं, अंगठ्याने दाबून बघायचं आणि बल्ब घेऊन जायचं. दुकानदार लोकांचं आयुष्य कसं जातं ते मी तिथे बघितलं.

मग एके दिवशी माणिकराव आले. तलमडुगुकडच्या एका गावचे शेतकरी, रुंद छातीचे, मोठ्या आवाजाचे. कापूस आणि ज्वारीची शेती होती, शिवाय पिकअपवर स्वतःचा आणि शेजाऱ्यांचा माल वाहायचे. सोबत धाकटा भाऊ पंढरी होता. दोघे भाऊ एकाच घरात, एकच गाडी आळीपाळीने चालवणारे. पंढरी फार हळू गाडी चालवतो म्हणून माणिकराव त्याला सगळ्यांसमोर चिडवायचे आणि तो नुसता हसायचा.

माणिकरावांची अडचण खरी होती. गाडीचे जुने शॉकअप गळून गेले होते. मागच्या हंगामात वरपर्यंत कापूस भरलेली गाडी एका वळणावर अशी डुलली, की वर बसलेल्या बायांनी आरडाओरडा केला. गाडी उलटता उलटता राहिली. तेव्हापासून त्यांच्या मनात भीती बसली होती, पण भीती वाटली असं ते म्हणणार थोडेच? ते म्हणाले, “केशवराव, गाडी लय डुलून राह्यली. काहीतरी दमदार द्या.”

केशवरावांनी समोर तीन जोड्या ठेवल्या. एक कंपनीची, जशी गाडीला मुळात होती तशी. दुसरी त्याच लांबीची, जरा घट्ट. तिसरे आम्ही.

“पाटे वाढवले काय तुमी? गाडी उंच केली काय?” केशवरावांनी विचारलं.

“नाही जी. कंपनीनं देल्ली तशीच हाय.”

“मंग पह्यली नाही तं दुसरी घ्या. तिसरी उच्या गाडीची हाय.”

आता आमच्या भागात शॉकअप पारखायची एक रीत आहे. तो जमिनीवर उभा धरायचा आणि दोन्ही तळहातांनी, छातीचा भार देऊन दाबायचा. जो दबला तो कच्चा. जो दबला नाही तो पक्का. ही रीत कोणी काढली देव जाणे, पण आदिलाबादपासून बाजारहत्नूरपर्यंत सगळे हेच करतात. अहो, दबणं हाच तर आमचा धंदा आहे! न दबणारा शॉकअप म्हणजे नुसता लोखंडी दांडका. पण हे बाकावरच्या मंडळींना कोण सांगणार?

माणिकरावांनी कंपनीचा दाबला. तो हळूहळू खाली गेला आणि तिथेच राहिला. बाकावरून कोणी तरी म्हणालं, “मेला हा.” दुसरा दाबला, तो खाली जाऊन सावकाश वर आला. मग मला धरलं. त्यांनी दात-ओठ खाऊन जोर लावला, चेहरा लाल झाला, पाय उचलले गेले, आणि मी बोटभर खाली जाऊन त्यांनाच वर ढकललं. बाकावर हशा पिकला. माणिकरावही हसले.

“हा मर्द हाय. हाच द्या.”

पंढरी हळूच म्हणाला, “दादा, हा लांब हाय. आपल्या गाडीची उंची तं तेवढीच हाय. याले आत जायले जागा नाही भेटनार.”

“लांब हाय म्हनून तं मजबूत हाय. तू चूप राय.”

केशवरावांनी पंढरीकडे बघितलं, मग माणिकरावांकडे, आणि आम्हाला खोक्यात घातलं. दुकानदार गिऱ्हाइकाशी एकदाच वाद घालतो.

मारोती मिस्त्रीने आम्हाला बसवलं तेव्हा त्यालाही त्रास झाला. मी मावेना म्हणून गाडी जॅकवर अजून वर घ्यावी लागली. कसाबसा नट लागला. गाडी खाली टेकली तशी माझी अडचण मला कळली. गाडीची उंची कमी, माझी लांबी जास्त. उभ्या उभ्याच मी अर्ध्याहून जास्त आत दाबला गेलो होतो. मोठ्या खड्ड्यात चाक वर आलं, तर उरलेली जागा एका झटक्यात संपणार आणि लोखंडावर लोखंड आपटणार होतं.

माणिकराव मात्र खूष होते. पुढे केबिनमध्ये गादीच्या सीटवर बसून ते म्हणाले, “पाय पंढरी, आता कशी ठाम चालते!” आणि खोटं का बोलू, कापूस भरला की मी खरंच चांगलं काम करायचो. ते वळण आलं, गाडी जराही डुलली नाही. त्या दिवशी मला माझ्या लाल अक्षरांचा पुन्हा अभिमान वाटला.

पण रिकामी गाडी वेगळी असते. हलक्या गाडीला मी दबत नाही, धक्का सरळ वर जातो. वेचणीला जाणाऱ्या बाया मागे उभ्या असायच्या. त्यांच्यात माणिकरावांची बायको रेणुकाबाईही असायची, कारण पुढे बसून मालकीणबाई म्हणून मिरवायचा तिचा स्वभाव नव्हता. शेताच्या खडबडीत रस्त्यावर बायांचे डबे उडायचे, पाण्याच्या कळशा सांडायच्या. एकदा घरी उतरल्यावर ती कमरेला हात लावून म्हणाली, “तुमी एकडाव मांगं बसून पाहा. दात वाजते नुसते.”

“रोडच तसा हाय, त्याले शॉकअप काय करन?” माणिकराव हसले, आणि तो विषय तिथेच संपला. मागे बसायला त्यांना कधी सवड झाली नाही.

यंदा दिवाळीनंतर कापसाची पहिली गाडी मार्केट यार्डाला जायची होती. पहिली गाडी म्हणजे घरात सणच. भल्या पहाटे भरायला सुरुवात झाली. बाजूला बांबू उभे करून जाळी बांधली, टोपल्यांनी मोकळा कापूस वर टाकला आणि माणिकराव स्वतः वर चढून तो तुडवू लागले. तुडवल्याशिवाय गाडीत कापूस मावत नाही. हे काम ते कोणाला करू देत नसत. उजाडलं तेव्हा त्यांच्या आईने, जयवंताबाईने, कापसाला हळद-कुंकू वाहिलं आणि माझ्याच चाकाजवळ नारळ फोडला.

मग दोर ओढायचा राहिला होता. माणिकराव वरून मागे झुकून दोर आवळत होते, खालून पंढरी ओढत होता. कुठे तरी गाठ सुटली. मला वरचा भार एकदम हलका झाल्याचं जाणवलं, आणि पाठोपाठ मागच्या बाजूला जमिनीवर धप्पकन आवाज आला. तिथे बैल बांधायचा दगड होता. त्यावर ते पाठीवर पडले होते.

आरडाओरड झाली. ते शुद्धीवर होते, बोलत होते. उठता येत नव्हतं. अँब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या गावी पेशंट आणायला गेली होती, थांबा म्हणाले. पण जमलेली माणसं कुठली थांबायला? कोणी म्हणालं, घरची गाडी उभी असताना वाट काऊन पाहायची?

इथे या लोकांनी ती चूक केली. गाडीत छातीभर कापूस होता. त्यातला निम्मा तसाच ठेवून त्यावर माणसाला घेतलं असतं, तर गाडीला भार राहिला असता, ती कमी उसळली असती, आणि काही धक्का कापसानेही खाल्ला असता. पण जयवंताबाई रडत रडत म्हणाली, “पूजा केलेल्या लक्ष्मीवर आंग टाकू नोका रे.” आणि दुसरा कोणी म्हणाला, गाडी हलकी केली म्हणजे अलगद चालेल. सगळ्यांनी मिळून पूजेचा कापूस अंगणात उपसला, लोखंडी पत्रा उघडा केला आणि त्यावर बाज ठेवून माणिकरावांना निजवलं. सगळे जीव लावून करत होते. त्यांच्यावर मला राग धरवत नाही.

पंढरी स्टिअरिंगवर बसला. रेणुकाबाई मागे बाजेच्या पायथ्याशी बसली आणि नवरा घसरू नये म्हणून त्याचे दोन्ही पाय तिने घट्ट धरले.

पंढरीने इतकी हळू गाडी त्याआधी कधीच चालवली नसेल. मागून सायकलवाले पुढे जात होते. तरी रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्डा मी जसाच्या तसा वर देत होतो. वरून माणिकराव कण्हत होते. एकदा ते म्हणाले, “अवं, हळू धर. अंगठा दुखून राह्यला.”

“दुखते ना? मंग चांगलं हाय,” रेणुकाबाई म्हणाली. तिच्या आवाजात जीव आला होता. “हालवा बरं. हां, हालला! पाहा, हालला.”

मला ते ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! आता फक्त मोठा रस्ता लागेपर्यंत, एवढंच मी घोकत होतो.

पुढे ओढ्यावरचा पूल पावसात वाहून गेला होता. बाजूने खाली उतरून दगड-मातीतून जायचा कच्चा रस्ता केला होता, त्याला सगळे डायव्हर्शन म्हणतात. पंढरी थांबला, उतरून बघून आला आणि पहिल्या गियरमध्ये गाडी उतरवली. पाण्याखाली एक खळगा होता. तो दिसण्यासारखा नव्हता, मी शपथेवर सांगतो. उजवं चाक त्यात गेलं, पलीकडच्या दगडावर चढलं आणि सरळ वर आलं. माझ्यात उरलेली जागा तेवढ्यात संपली. लोखंडावर लोखंड आपटलं. तो धक्का मी जरासुद्धा खाऊ शकलो नाही, सगळाच्या सगळा वर गेला. बाज पत्र्यावरून उचलली गेली आणि आपटली.

माणिकराव ओरडले, आणि मग गप्प झाले.

गाडी वर चढून डांबरी रस्त्याला लागली. मग रेणुकाबाई म्हणाली, “आता दुखते काय जी?”

मग पुन्हा तिचाच आवाज आला.

“अंगठा हालवा बरं.”

थोड्या वेळाने माणिकरावांनी विचारलं, “तू माहे पाय सोडले काय?”

“नाही जी. धरूनच हाय.”

डांबरी रस्ता गुळगुळीत होता. आता मला काहीच काम नव्हतं. माणिकराव अगदी हळू बोलले, इंजिनच्या आवाजात ते पुढे केबिनपर्यंत गेलं नसणार.

“रेणुका, पंढरीले सांगू नको. तो मरन.”

दवाखान्यात काय झालं ते मला माहीत नाही, आम्हाला आवारातच थांबावं लागतं. ऑपरेशन झालं, पुढे महिनाभर पंढरी आवारात माझ्या शेजारी बसून भाकरी खायचा. खायचा म्हणजे हातात धरायचा आणि कुत्र्याला टाकायचा. पुढे पडवीतल्या नवरा-बायकोच्या बोलण्यातून मला कळलं, की डॉक्टरांनी रेणुकाबाईला बाजूला घेऊन सगळं विचारलं होतं आणि तिने त्यांना खरं ते सांगितलं होतं. बाहेर येऊन मात्र ती पंढरीला म्हणाली, “मनका दगडावरच गेला म्हने.”

माणिकराव घरी आले ते कमरेखाली निर्जीव होऊन. त्यांची बाज आता पडवीत असते, गाडी उभी राहते तिच्या अगदी समोर. पंढरीने त्या दिवसापासून स्टिअरिंगला हात लावला नाही; दवाखान्यातून गाडी घरी आणली तीही मारोती मिस्त्रीने. ओसरीवर चावी लटकलेली असायची आणि तो तिच्याकडे पाठ करून बसायचा. कापूस भाड्याच्या गाडीने गेला. घरात दोन माणसं बसून राहिली होती, एक पायांमुळे आणि एक त्या ओढ्यामुळे. रात्री-अपरात्री उठून तो गाडीभोवती फिरायचा, हे माणिकरावांनी बाजेवरून कितीदा तरी बघितलं असेल.

शेवटी रेणुकाबाईनेच ठरवलं. गेल्या बाजाराच्या दिवशी ती एकटीच बसने आदिलाबादला जाऊन केशवरावांकडून कंपनीची जोडी घेऊन आली. आज सकाळी पंढरीच्या हातात तिने पाना दिला आणि म्हणाली, “वेचनीच्या बायायले उद्या नेयाचं हाय. हे बदलून टाका भाऊजी.”

पंढरी मुकाट्याने पाठीवर सरकत गाडीखाली आला. आधी डावा काढला. मग माझ्या नटाला पाना लावला आणि तसाच थांबला. त्याचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खालूनच तो म्हणाला, “वहिनी, एक इचारू काय?”

“इचारा ना.”

“मनका दगडावरच गेला, तं मंग शॉकअप काऊन बदलून राह्यलो आपन?”

वर रेणुकाबाई तुरीच्या शेंगा सोलत होती, तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“माही पाठ दुखते मांगं बसून. बाया बी कुरकुर करते. म्हनून.”

पंढरीने पाना फिरवला नाही. त्याला तोंड लपवायला गाडी होती म्हणूनच पुढचं विचारता आलं असावं.

“दादा, आपन घरून निंगालो तवा तुमचे पाय हालत होते काय? खरं सांगा. ओढ्यात लय जोरात आपटली होती गाडी.”

मी माणिकरावांचा आवाज ऐकायला सगळं अंग ताठ केलं. मला वाटलं, आता ते सांगतील. दुकानात मीच हट्ट केला होता, तू नको म्हणत होतास, असंही सांगतील. मला तेच हवं होतं, कारण या माणसाने मला नको तिथे आणून लटकवलं आणि माझ्या हातून त्याचेच पाय गेले, हे कोणीतरी एकदा मोठ्याने बोलायला हवं होतं.

माणिकराव हसले. तेच मोठ्या आवाजाचं हसणं, थोडं चिरकलेलं.

“येडा हायस काय रे? पडलो तवाच गेले पाय. बाजीवर टाकलं तवा मले खालचं कायबी समजत नव्हतं. ओढा केव्हा आला न् केव्हा गेला, तेबी मले माहीत नाही. इचार तुह्या वहिनीले.”

“हो जी,” रेणुकाबाई म्हणाली. “पाय थंडेच होते निंगालो तवा.”

पंढरीच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानांकडे ओघळलं. आवाज होऊ नये म्हणून त्याने बाही दातांत धरली होती. कितीतरी वेळ तो तसा पडून होता, आणि वर दोघांपैकी कोणीही त्याला हाक मारली नाही. मग त्याने नाक पुसलं, पाना फिरवला आणि मला काढलं.

म्हणून मी इथे आहे. उद्या-परवा भंगारवाला येईल, मला वितळवेल, त्याचं काही नाही. नवी जोडी बसली आहे. मघाशी पंढरीने गाडी सुरू करून गावाबाहेर एक फेरी मारून आणली. आता ओसरीवर तो जेवायला बसलाय आणि दुसरी भाकरी मागतोय, मला इथून ऐकू येतंय. तुम्ही कधी तलमडुगुकडे आलात, आणि मागे बायांना घेऊन अगदी हळू चालणारी एखादी पिकअप दिसली, तर तिला वाट द्या. आणि मी सांगितलेलं यातलं काही पंढरीला सांगू नका.